राजू श्रीवास्तवला 'स्वच्छ कॉमेडी'त कोंबू नका

२१ सप्टेंबर, म्हणजे कॉमेडियन राजू श्रीवास्तवचा स्मृतिदिन, जवळ आला की त्याच्या जुन्या क्लिप्स परत फिरायला लागतात आणि त्यासोबत तेच जुनं भांडणही परत सुरू होतं. एका बाजूचे म्हणतात, बघा, ही खरी कॉमेडी, एक शिवी नाही, आईवडिलांसोबत बसून बघता येते, नाहीतर आजची पोरं, माइक हातात आला की आधी शिवी. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, कसला महान, बायकांवर विनोद करणारा आणि शेवटी सत्ताधारी पक्षात जाऊन बसलेला माणूस, गेला म्हणून लगेच देव्हाऱ्यात बसवायचा का? मला या दोन्हींचा मनापासून राग येतो. राजू माझा अत्यंत आवडता कॉमेडियन, आणि माझं म्हणणं असं आहे की हे दोघंही राजूबद्दल बोलतच नाहीयेत. एकाला तरुण कॉमेडियन्सना झोडपायचंय, दुसऱ्याला एका पक्षाला झोडपायचंय, राजू आपला मधल्या मधे. त्यानं स्टेजवर उभं राहून नक्की काय केलं, कुणाला त्या स्टेजवर आणलं, आणि असा माणूस घडायला आजूबाजूला कसं वातावरण लागतं हे कुणी विचारतच नाही, कारण ते विचारलं तर उत्तर दोन्ही बाजूंना अडचणीचं आहे.

आधी माणूस कोण होता ते थोडक्यात. जन्म २५ डिसेंबर १९६३, कानपूर. खरं नाव सत्यप्रकाश. वडील कवी, बलई काका या नावानं कविता करणारे, म्हणजे माणसांसमोर उभं राहून बोलणं घरातच होतं. अमिताभची नक्कल करत करत ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आला, आणि मग वीसेक वर्षं ऑर्केस्ट्रा, लग्नसमारंभ, कॅसेटी, सिनेमात दोन-दोन मिनिटांच्या भूमिका. 'मैंने प्यार किया'मधला ट्रकचा क्लीनर आठवतोय का कुणाला? तो राजू. २००५ मध्ये स्टार वनवर लाफ्टर चॅलेंज सुरू झालं तेव्हा तो एकेचाळीस वर्षांचा होता, बायको-मुलं असलेला संसारी माणूस, आणि नवख्या पोरांबरोबर स्पर्धेत उतरला. जिंकलाही नाही, तिसरा आला, पहिला आला आपल्या हिंगणघाटचा सुनील पाल. पण त्या सीझननंतर लोकांच्या तोंडी जे नाव बसलं ते त्यानं रंगवलेल्या गजोधर भैयाचं, हे कुणीही कबूल करेल.

गजोधर म्हणजे काय होतं ते नीट सांगायला हवं, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. त्याआधी हिंदी टीव्हीवर आणि सिनेमात यूपी-बिहारचा खेडूत यायचा तो नोकर म्हणून, दूधवाला म्हणून, चौकीदार म्हणून. शहरातला हिरो बोलायचा आणि हा मधेच काहीतरी अडाणीपणा करून हशा मिळवून जायचा. राजूनं कॅमेरा फिरवला. गजोधर मधे उभा आणि शहर त्याच्यासमोर तमाशासारखं मांडलेलं. लग्नातल्या बुफेवरचा त्याचा तुकडा घ्या. एका हातात ताट धरून माणूस रांगेत सरकतोय, नजर पुढच्या पदार्थावर, ताटात आता मुंगी शिरायला जागा नाही तरी हात थांबत नाही, गोडाचं पातळ भाजीत चाललंय, भाजी भातावर चढलीय, आणि मग राजू अचानक माणसाला सोडून ताटातल्या पदार्थांच्या तोंडून बोलायला लागायचा. त्यांचीच आपसात चेंगराचेंगरी, त्यांचीच भांडणं. हे सगळं करताना स्टेजवर ना ताट ना टेबल, नुसता उजवा-डावा हात, जरा वाकवलेले खांदे आणि तोंडानं काढलेले आवाज. यात 'चुटकुला' असा कुठेच नाही. शेवटच्या ओळीवर टाळी घ्यायची घाईच नाही. त्यानं एक जागा उभी केली, त्यात दहा-पंधरा माणसं सोडली आणि आपण त्या मांडवात होतो. आज ज्याला ऑब्झर्वेशनल कॉमेडी, म्हणजे रोजच्या जगण्याकडे नीट बघून केलेला विनोद, म्हणून वर्कशॉपमध्ये शिकवतात ते हा माणूस कानपूरच्या गल्लीतून शिकून आला होता. वस्तूंना आणि जनावरांना बोलायला लावायची त्याची ती हातोटी मला तरी हिंदीत दुसऱ्या कुणात एवढी दिसलेली नाही.

आता स्वच्छतावाल्यांचा मुद्दा, आणि त्यात दम आहे हे मी आधीच मान्य करतो. २००५ म्हणजे महाराष्ट्रात लोडशेडिंगचे दिवस, आमच्याकडे वीज कधी जाईल त्यावर टीव्ही ठरायचा, घरात एकच टीव्ही, त्याच्यासमोर आजी, बाबा, काकू, आम्ही पोरं. आजीला हिंदी धड येत नव्हतं. पण राजू लागला की ती पदर तोंडाला लावून हसायची, आणि बाबा, जे एरवी आमच्यासमोर मोठ्यानं हसायचेही नाहीत, ते मांडीवर थाप मारायचे. तीन पिढ्यांना एकाच क्षणी, एकाच गोष्टीवर हसवणं ही फार अवघड गोष्ट आहे. आज घरातला प्रत्येक जण आपापल्या मोबाइलवर वेगळा हसतो, त्यामुळे लोकांना ते एकत्र हसणं आठवतं आणि गलबलून येतं, मलाही येतं. ते दुःख खरं आहे.

पण म्हणून शिवी नसणं हे विनोदाचं माप कसं काय झालं? राजू टीव्हीवर बोलत होता, चॅनेलवर शिवी चालतच नव्हती, तिथे सगळेच स्वच्छ होते आणि त्यातले कितीतरी सुमार होते, त्यांची नावंसुद्धा आज आपल्याला आठवत नाहीत. शिवी न देणं हाच गुण असेल तर ते सगळे का नाही आठवत? आणि आपण मराठी लोकांनी तरी हा सोवळेपणा सांगू नये. तमाशातला सोंगाड्या, वगाआधीची बतावणी, गण-गवळणीतली मावशी, सगळं द्व्यर्थी बोलण्यावर उभं आहे. दादा कोंडकेंचे सलग नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी झाले, गिनीज बुकात नोंद झाली, आणि तरी पांढरपेशी मंडळी दादांचं नाव घेताना नाक मुरडायची. १९९८ ला दादा गेले आणि हळूहळू तीच मंडळी अस्सल मातीतला कलावंत म्हणून लेख लिहायला लागली. मग दादांचा चावटपणा मातीतला आणि आजच्या पोराची शिवी तेवढी संस्कृतीचा ऱ्हास, हे कसं काय? उलट बाजूनं बघा. एकही शिवी नसलेला, पूर्ण 'फॅमिली' विनोद, की बायको म्हणजे कटकट, जाडी बाई म्हणजे म्हैस, हा ऐकताना समोर बसलेल्या जाड्या पोरीला काय वाटत असेल याचा विचार किती घरांनी केला? शब्द स्वच्छ होते, पण तो विनोद स्वच्छ होता का? माझ्या मते विनोद कुणाच्या जिवावर होतो हे बघावं, त्यात कोणता शब्द आला ही फार वरवरची चौकशी आहे.

आणि हो, राजूनं तसले विनोद केले. हे दुसऱ्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं आहे आणि ते टाळून राजूवर प्रेम करता येणार नाही. बायकांवरचे, दिसण्यावरचे, त्याच्या नंतरच्या स्टेज शोमध्ये तर जरा जास्तच. 'तो काळच तसा होता' असं म्हणून मला ते सोडायचं नाही, कारण त्याच काळात तोच माणूस बुफेच्या ताटातून एवढं मोठं जग काढत होता, म्हणजे सोप्या हशाची त्याला गरज नव्हती. गरज नसताना घेतला. शो भरपूर, तारखा भरपूर, समोर कॉर्पोरेट पार्टीतली जेवणाची वाट बघणारी माणसं, आणि अशा वेळी बायकोचा विनोद दोन सेकंदात लागतो, गजोधरला उभं करायला दहा मिनिटं लागतात. ते विनोद मला आजही लागले की मी पुढे ढकलतो. पण कलावंताला त्याच्या कमजोर कामावरून मोजायचं की सर्वोत्तम कामावरून? आपण कवीच्या दोनशे कवितांतल्या दहा लक्षात ठेवतो आणि त्या दहांसाठी त्याला कवी म्हणतो. राजूला ती सवलत का नाही?

याच बाजूचा अजून एक आक्षेप आहे, जरा जास्त शिकलेल्या लोकांचा. गजोधर म्हणजे शहरी लोकांना हसायला दिलेला गावंढळ, गरिबाची टिंगल. हा आक्षेप ऐकला की मला लक्ष्मण देशपांडे आठवतात. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एका माणसाचा खेळ, बावन्न पात्रं, मराठवाड्यातलं एक अख्खं कुटुंब बोचकी घेऊन विमानातून परदेशात निघालेलं. ते गावंढळ आहेत, गडबडतात, चुकतात. म्हणून काय देशपांडे सरांनी मराठवाड्याची टिंगल केली? सगळ्यात जास्त प्रेमानं तो खेळ बघितला तो मराठवाड्यातल्याच लोकांनी, कारण त्यांना आपला मामा, आपली आत्या, आपलं बोलणं पहिल्यांदा एवढ्या मोठ्या स्टेजवर दिसलं. आणि त्या वऱ्हाडाच्या नजरेतून बघितलं की चमत्कारिक वाटायला लागतं ते लंडन. गजोधरचं तसंच आहे. तो शहरात येऊन बावचळतो खरा, पण त्याच्या बावचळण्यातून आपल्याला दिसतो तो शहराचा भंपकपणा, माणसांची हाव, गर्दीतली निर्दयता. टिंगल करणाऱ्याला पात्राच्या आत शिरता येत नाही, तो बाहेर उभा राहून बोट दाखवतो. राजू बाहेर उभा कधी होता? गजोधर होताना त्याची मानसुद्धा वेगळी पडायची.

आता राजकारण. हा भाग लोक सगळ्यात वाईट पद्धतीनं मांडतात म्हणून नीट क्रमानं सांगतो. २०१४ मध्ये समाजवादी पक्षानं त्याला कानपूरमधून लोकसभेचं तिकीट दिलं, मार्चमध्ये त्यानं ते परत केलं आणि त्याच महिन्यात भाजपमध्ये गेला. २०१९ ला उत्तर प्रदेशच्या फिल्म विकास परिषदेचा अध्यक्ष झाला. वेब सिरीजमधल्या शिवराळपणावर जाहीर टीका करायचा. १० ऑगस्ट २०२२ ला दिल्लीत जिममध्ये व्यायाम करताना कोसळला, चाळीसेक दिवस एम्समध्ये होता, २१ सप्टेंबरला गेला, वय ५८. आणि तो गेल्याच्या दिवशीच एका नावाजलेल्या तरुण कॉमेडियननं लिहिलं की बरं झालं सुटलो, यानं नवीन कॉमेडीची कायम हेटाळणी केली. गदारोळ झाला, मग त्यानं ते काढून टाकलं, माफी मागितली.

मला ते वाचून फार वाईट वाटलं होतं. तरी त्या रागामागचं कारण खोटं होतं असं मी म्हणणार नाही. १ जानेवारी २०२१ ला इंदूरमध्ये तरुण कॉमेडियन मुनव्वर फारुकीला अटक झाली, जो विनोद त्यानं त्या कार्यक्रमात केल्याचा पुरावाच पुढे आला नाही त्यासाठी महिनाभर तो तुरुंगात होता, शेवटी सुप्रीम कोर्टानं जामीन दिला, नंतरही त्याचे शो रद्द होत राहिले. अशा दिवसांत तुमच्याच धंद्यातला सगळ्यात मोठा माणूस सत्तेच्या बाजूला खुर्चीवर बसलेला असेल आणि तिथून तुम्हाला संस्कार शिकवत असेल, तर तुम्हाला काय वाटेल? वडीलधाऱ्यानं पाठीशी उभं राहायला हवं होतं असंच वाटणार. राजूकडून ही अपेक्षा करणं चूक नव्हतं, आणि ती त्यानं पूर्ण केली नाही हे मी त्याचा चाहता म्हणून लिहितो. मरणान्तानि वैराणि म्हणून वैर संपवावं, हिशोब संपवायची गरज नाही.

पण हिशोब करायचा तर पूर्ण करा ना. दादा कोंडके शिवसेनेच्या सभा गाजवायचे, उघडउघड प्रचार करायचे. सेना न आवडणारे कितीतरी लोक दादांचे सिनेमे आजही बघतात आणि हसतात, आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नाही, वाटायचं कारणही नाही. उलटं उदाहरण चॅप्लिनचं. डाव्या विचारांचा म्हणून १९५२ मध्ये अमेरिकेनं त्याला परत यायची वाट बंद केली, वीस वर्षांनी १९७२ ला त्याच देशानं बोलावून मानद ऑस्कर दिलं आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. त्या वीस वर्षांत त्याचे जुने सिनेमे बदलले होते का? तेच होते. बघणाऱ्यांच्या डोळ्यावर राजकारण होतं. राजूची पक्षाची पावती २०१४ ची आहे, गजोधर २००५ चा, आणि त्याआधीच्या वीस वर्षांच्या कॅसेटींचा. नंतरच्या पावतीनं आधीचं काम कसं रद्द होतं?

आणि इथून मी परत स्वच्छतावाल्यांकडे वळतो, कारण खरी अडचण त्यांची आहे. तुम्ही राजूला जो बिनधोक, कुणाला न दुखावणारा, गोड माणूस करून टाकलाय तसा तो अजिबात नव्हता. लालूप्रसाद यादव समोर बसलेले असताना त्यानं त्यांचीच नक्कल केली, तोंडावर, आणि लालू हसले. २०१० मध्ये त्याला पाकिस्तानातून फोन आले होते, दाऊदवर आणि पाकिस्तानवर विनोद करू नको म्हणून धमक्या. म्हणजे तुम्ही ज्याला 'कुणाच्या भावना न दुखावणारा' म्हणताय त्याच्या विनोदानं इतकं दुखावलं गेलं होतं की फोन आले. तेव्हा आपण काय म्हणालो होतो, जरा जपून बोलावं त्यानं, असं? नाही. आपण त्याच्या बाजूनं होतो, कारण विनोदासाठी धमकी देणं नीच आहे हे तेव्हा आपल्याला सरळ दिसत होतं. मग तेच आता का दिसत नाही? ज्या लाफ्टर चॅलेंजनं राजूला घराघरात नेलं, तेच २०१७ मध्ये परत आलं तेव्हा राजस्थानच्या श्याम रंगीलानं त्यात पंतप्रधान मोदींची नक्कल केली, ती रेकॉर्ड झाली आणि दाखवलीच गेली नाही. शिवी नव्हती त्यात. अश्लील काही नव्हतं. गावाकडचा पोरगा, साधी नक्कल, अगदी राजूच्याच वाटेवरचा. मार्च २०२५ मध्ये आपल्या मुंबईत, खारला, उपमुख्यमंत्र्यांवर विडंबन झालं म्हणून ज्या स्टुडिओत ते रेकॉर्ड झालं तिथे घुसून तोडफोड झाली, खुर्च्या फेकल्या गेल्या. त्या जागेत आठवड्याचे सगळे दिवस नवी पोरंपोरी पाच-पाच मिनिटं उभी राहायची, फसायची, परत यायची. राजूच्या काळात ते काम ऑर्केस्ट्रानं केलं, दोन गाण्यांच्या मधे गायकाला पाणी प्यायला वेळ हवा म्हणून कॉमेडियनला उभं करायचे, जॉनी लीव्हरही तिथूनच आला. फसायला जागा मिळाली म्हणून ही माणसं घडली. ती जागाच फोडायची, किंवा फोडली तेव्हा गप्प बसायचं, आणि मग 'आता राजूसारखा कुणी होत नाही' म्हणून हळहळायचं, हे मला अजिबात पटत नाही.

अमेरिकेत लेनी ब्रूस नावाचा कॉमेडियन होता. १९६४ ला न्यूयॉर्कच्या कोर्टानं अश्लीलतेसाठी दोषी ठरवलं, अपील चालू असतानाच १९६६ ला गेला, आणि २००३ मध्ये राज्यपालांनी त्याला माफी दिली, मरून सदतीस वर्षं झाल्यावर. मेलेल्या कॉमेडियनवर प्रेम करायला काहीच लागत नाही, तो आता नवीन काही बोलणार नसतो. जिवंत असतो तेव्हा तो उद्या काय बोलेल याची खात्री नसते, म्हणून तेव्हाच खरी परीक्षा असते आपली.

राजूसारखं कुणी नाही हेही पूर्ण खरं नाही. इंदूरचा झाकिर खान ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिंदीत बोलून आला. छोट्या शहरातल्या पोरानं आपल्या भाषेत, इंग्रजीचा आव न आणता, आपल्या घरातल्या गोष्टी सांगायच्या आणि त्याला तिकीट काढून लोक यावेत, ही वाट कुणी पाडली? मुंबईच्या इंग्रजी क्लबांनी तर नाही पाडली. मराठीतही टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांना आणि आता मराठी स्टँडअप करणाऱ्यांना जो प्रेक्षक मिळतोय तो त्या लाफ्टर चॅलेंजच्या काळात तयार झालेला प्रेक्षक आहे, एकटा माणूस माइक घेऊन उभा आहे आणि पुढची दहा मिनिटं त्याचं ऐकायचं ही सवय त्यानं लावली. तरुण कॉमेडियन्स राजूला नाकारतात तेव्हा मला वाटतं की बाबांनो, तुम्ही ज्या रस्त्यावर उभे आहात तो कुणीतरी केलाय, त्याच्याशी भांडा, जरूर भांडा, पण ओळख नाकारू नका.

एक शेवटचं, ज्यावर या भांडणात कुणी बोलत नाही. राजूची आठवण आता ज्यावर टिकून आहे त्या सगळ्या तुकडे केलेल्या क्लिप्स आहेत, दीड मिनिटाच्या, वरून दुसऱ्याच हशाचा आवाज चिकटवलेल्या. गजोधर दीड मिनिटात कळतच नाही, तो सावकाश चढत जातो. कॅसेटीच्या आणि ऑर्केस्ट्राच्या दिवसांतला राजू तर बहुतेकांनी ऐकलेलाच नाही. नाटकांचं, गाण्यांचं जतन करायला आपल्याकडे थोडीफार माणसं तरी धडपडतात, स्टेजवरच्या विनोदाला मात्र कुणी वाली नाही, तो हसून विसरायचा असं आपण धरूनच चाललोय. ज्यांच्या घरी माळ्यावर त्याच्या जुन्या कॅसेटी पडल्या असतील, लग्नाच्या किंवा गणपतीच्या कार्यक्रमाचं व्हिडिओ शूटिंग असेल ज्यात तो उभा होता, त्यांनी ते बुरशी लागायच्या आत डिजिटल करून घ्या आणि अख्खं टाका, कापू नका, त्यातले न आवडणारे विनोदही राहू द्या.